न चढलेल्यांची नोंद

पाटोच्या चौथ्या मजल्यावर मी घड्याळं राखते,
नखाएवढ्या कार्डावर बसवलेली,
उपग्रहाशी रोज भांडून वेळ जुळवून घेणारी.
ऑर्डर निघाली कधी, बाजाराला टेकली कधी,
उत्तर घेऊन परतली कधी,
तीन शिक्के, दोन वजाबाक्या,
एवढाच माझा धंदा.

अकरा मायक्रोसेकंद.
पंचांगातलं एक विपळ घेतलं
तर तेवढ्यात आमची ऑर्डर
छत्तीस हजार वेळा जाऊन येते.
किटेरियाला हे फेरीबोटीत सांगितलं तेव्हा
तिनं तिसऱ्यांच्या टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं.
"इतक्या घाईनं जाऊन ती आणते काय?"
पाच पैसे, म्हटलं. कधी कधी तेही नाही.
"मग बाय, चालत गेली तरी चालेल."

निरंजन केंकरेचा जीव सरासरीवर.
त्याच्या आलेखात डावीकडे एक उंच टेकडी
आणि पुढे सपाट खाजन, नजर पोचेल तिथवर.
एक लाख ऑर्डरी, त्यांतली एकच उशिरा:
चाळीस हजार मायक्रोसेकंद.
"लाखात एक," तो म्हणाला,
"दृष्ट लागू नये म्हणून तीट."

पण पैसे जात होते.
रोज सव्वानऊला, बाजार उघडताना,
मानशीच्या फटीतून खारं पाणी शेतात शिरावं
तसे, आवाज न करता.

मग तो गुरुवार. अमावास्येची ओहोटी.
रायबंदरहून निघालेली बोट
चोडणच्या अलीकडे गाळात बसली. दीड तास.
धक्क्यावर आम्ही: आधी वीस, मग साठ,
मग मोजणं सुटलं.
परीक्षेचा एक मुलगा स्कूटर वळवून
मयेच्या लांबच्या रस्त्यानं गेला.
तिसऱ्या तोंड उघडू लागल्या, किटेरिया घरी फिरली.
डायलिसिसची फाइल मांडीवर घेतलेला म्हातारा
कुणाला काही म्हणाला नाही.

बोट लागली. तुळशीदास गांवसांनी
कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं:
चौथी फेरी. उशीर दीड तास.
एक ओळ.
पाचवी, सहावी, सातवी
निघाल्याच नाहीत,
म्हणून त्यांना उशीरही झाला नाही.

मी त्या ओळीकडे बघत राहिले, पणजी येईतो.
आमची मोजणीही अशीच सभ्य.
एक ऑर्डर धाडायची, उत्तराची वाट बघायची,
मगच दुसरी.
यंत्र अडलं की मोजणाराही अडतो,
त्याच्या सोबतीनं डोळे मिटून घेतो.
त्या चाळीस हजारांत
ज्या साडेतीन हजार ऑर्डरी दार ठोठावणार होत्या
त्या आम्ही धाडल्याच नाहीत.

रात्री बसून मोजणी नव्यानं लिहिली.
आता उत्तर येवो न येवो,
ठोका पडला की पुढची निघते,
आणि उशीर धरायचा
तिला निघायला हवं होतं तेव्हापासून.

शंभरातली नव्व्याण्णवावी: काल चौदा.
आज अठ्ठावीस हजार.
निरंजननं चष्मा पुसला, परत घातला.
"तू यंत्र मंद केलंस?"
यंत्र तेच आहे रे.
मी फक्त धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

दोष सापडायला नऊ दिवस.
स्मृतीतला केर काढणारा एक फालतू भाग
नेमका सव्वानऊला झाडू घेऊन
दारात आडवा उभा राहत होता.

त्या संध्याकाळी गांवसांना म्हटलं,
वहीत एक रकाना वाढवा: न चढलेले.
ते हसले. "ते मोजायचे तर मला
धक्क्यावर राहावं लागेल.
मग बोट कोण हाकणार?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.
भोंगा वाजला, फळी वर गेली.
सहा चाळीस, मी मनात शिक्का मारला
आणि मागे बघितलं:
हेल्मेट हातात घेऊन
कुणीतरी उतारावरून धावत येत होतं.